जीपीएस रिपीटर लावण्याआधी: अमेरिकेतल्या परवान्याची वाट

छतावर एक अँटेना, खोलीत दुसरी अँटेना, मध्ये केबल आणि एक छोटा ॲम्प्लिफायर. आकाशातून आलेला सिग्नल तसाच खाली सोडायचा, आपलं असं काही त्यात घालायचं नाही. मग याला परवाना कशाला?

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये नव्याने रुजू होणारे आपले इंजिनियर हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण कायद्याच्या दृष्टीने खोलीतली ती अँटेना एक प्रक्षेपक आहे. सिग्नल मूळचा कुणाचा, याला तिथे महत्त्व नाही. हवेत ऊर्जा कोण सोडतंय, एवढंच पाहिलं जातं. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३०१ विनापरवाना प्रक्षेपण करू देत नाही, आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर आपण ते करणार आहोत तिच्यावर विमानं, रुग्णवाहिका, मोबाइल टॉवरची घड्याळं आणि बंदरातल्या क्रेन चालतात. म्हणून हा लेख अमेरिकेत काम करणाऱ्यांसाठी. पुण्यात अशा चाचण्या करणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी हे यंत्र नेमकं काय करतं

रिपीटरखाली ठेवलेला प्रत्येक रिसीव्हर स्वतःची जागा कुठली सांगतो? छतावरच्या अँटेनाची. खोलीच्या या कोपऱ्यात ठेवा नाहीतर त्या कोपऱ्यात, नकाशावरचा ठिपका छतावरच राहतो. सगळ्या उपग्रहांचे सिग्नल एकाच केबलमधून आल्यामुळे सगळ्यांना सारखाच उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर आपल्या घड्याळाची चूक समजून पोटात घालतो. नेहमीच्या को-ॲक्स केबलमध्ये हा उशीर मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद धरा. ३० मीटरला १५० नॅनोसेकंद. नुसती जागा तपासणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. वेळ तपासणाऱ्याला मात्र खूप पडतो.

आता हाच सिग्नल भिंतीबाहेर गेला तर काय होईल ते बघा. बाहेरच्या रिसीव्हरला दोन आवाज ऐकू येतात: एक आकाशातला खरा, दुसरा तुमचा उशिरा आलेला. तुमचा जास्त जोरात असेल तर रिसीव्हर त्याच्या मागे जातो आणि खात्रीने चुकीची जागा सांगतो. जॅमरपेक्षा हे मला जास्त घातक वाटतं. जॅमरने जीपीएस बंद पडतं, निदान कळतं तरी. रिपीटरमध्ये सापडलेल्या रिसीव्हरच्या पडद्यावर सगळं ठीकच दिसत असतं.

२०१० साली जर्मनीत हॅनोव्हर विमानतळावर हे घडलं. हँगरमधल्या रिपीटरचा सिग्नल बाहेर पडला आणि जमिनीवरून धावपट्टीकडे निघालेल्या विमानांच्या जीपीएसमध्ये घोळ होऊन वैमानिकांना भूभागाचे खोटे इशारे मिळू लागले. रिपीटर लावणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. हँगरमधल्या विमानाला उपग्रह दिसावेत एवढीच त्याची इच्छा. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पोर्टलंडला उपग्रह दिशादर्शनाच्या तज्ज्ञांचीच परिषद भरली होती. तिथल्या प्रदर्शनात उपग्रहांचा नकली सिग्नल बनवणाऱ्या एका सिम्युलेटरचा सिग्नल गळला आणि लोकांचे फोन आपण फ्रान्समधल्या तुलूझला आहोत, साल २०१४ आहे असं सांगू लागले. ते यंत्र रिपीटर नव्हतं, पण धडा तोच. या विषयात हयात घालवलेली माणसं हजर असलेल्या दालनात हे होऊ शकतं, तर आपल्या कार्यशाळेत नक्कीच होऊ शकतं.

माझ्या एका जुन्या नोकरीत आम्हीही हे भोगलं. शटर उघडं, रिपीटर चालू, आणि चाचणीची गाडी दारासमोर सुरू केली. गाडीने खोलीतला सिग्नल पकडला आणि रस्त्याला लागून बराच वेळ झाला तरी नोंदीत ती आमच्या छतावरच उभी होती. दोन दिवसांच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या. आमच्या गाडीवर निभावलं. शेजारच्या रस्त्याने कुणाची रुग्णवाहिका जात असती तर?

पायरी पहिली: खरंच रिपीटर हवा का, हे ठरवा

दहापैकी बऱ्याच ठिकाणी नको असतो. तुमच्या उपकरणाला बाहेरची अँटेना जोडायची सोय असेल, तर छतावरच्या अँटेनाची केबल स्प्लिटरमधून थेट टेबलावर आणा. हवेत काही सोडलंच नाही तर प्रक्षेपणाच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. आठ फाट्यांचा जीपीएस स्प्लिटर, वरच्या अँटेनाला केबलमधून वीज पोहोचवायची सोय आणि चांगले कनेक्टर एवढ्यावर अख्खी प्रयोगशाळा चालते. आणि मोजमापही जास्त विश्वासाचं मिळतं.

उपकरणाची अँटेना आतच बसवलेली असेल, म्हणजे फोन, घड्याळ, मालावर लावायचे ट्रॅकर, तर दुसरा मार्ग शील्ड बॉक्सचा. चारी बाजूंनी बंद धातूच्या पेटीत छोटी अँटेना ठेवायची आणि तिथे सिग्नल सोडायचा. ॲनेकोइक चेंबर (लहरी शोषून घेणाऱ्या भिंतींची खोली) किंवा फॅरेडे केज (लहरी बाहेर न सोडणारा धातूचा पिंजरा) यांच्या आत केलेल्या प्रयोगांना एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा, प्रायोगिक परवाना लागत नाही. पेटी खरंच बंद आहे याची जबाबदारी तुमची. दाराची धातूची जाळी झिजली असेल, केबलसाठी पाडलेलं भोक उघडं असेल, तर ती फॅरेडे केज राहिली नाही, साधं कपाट झालं.

अख्खं विमान, ट्रक किंवा हेलिकॉप्टर हँगरमध्ये उभं करून तपासायचं असेल तर मात्र पेटी पुरत नाही. तेव्हाच पुढे वाचा.

एक पळवाट आधीच बंद करतो, कारण ती सुचतेच. "पॉवर इतकी कमी आहे, वाय-फायसारखं विनापरवाना का नाही चालत?" विनापरवाना कमी शक्तीच्या उपकरणांचे नियम एफसीसीच्या भाग १५ मध्ये आहेत, आणि त्यातच निषिद्ध पट्ट्यांची यादी आहे. १४३५ ते १६२६.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्या यादीत येतो. जीपीएसची एल१ फ्रिक्वेन्सी, १५७५.४२ मेगाहर्ट्झ, त्याच्या आत. ९६० ते १२४० मेगाहर्ट्झही यादीत आहे. एल२ म्हणजे १२२७.६० आणि एल५ म्हणजे ११७६.४५ तिथे बसतात. या पट्ट्यांत मुद्दाम केलेलं प्रक्षेपण भाग १५ मधून जात नाही. ऑनलाइन दुकानात यंत्र मिळतंय म्हणजे ते वापरायला मोकळीक आहे असंही समजू नका.

पायरी दुसरी: तुमचं दार कोणतं

अमेरिकेत रेडिओ लहरींची मालकी सांभाळणारी दोन घरं आहेत. सैन्यदलं, नासा, सरकारी संशोधन संस्था अशा केंद्र सरकारी वापराचं काम एनटीआयए बघते, म्हणजे वाणिज्य खात्यातलं राष्ट्रीय दूरसंचार व माहिती प्रशासन. कंपन्या, विद्यापीठं, राज्य सरकारं, शहरांची अग्निशमन दलं या बाकीच्या सगळ्यांसाठी एफसीसी.

सरकारी संस्थेत असाल तर थेट एनटीआयएला लिहायचं नसतं. तुमच्या संस्थेचा किंवा तळाचा फ्रिक्वेन्सी मॅनेजर गाठा. अर्ज त्याच्यामार्फत जातो. कंत्राटी कंपनीचे कर्मचारी म्हणून लष्करी तळावर काम करत असाल तर पहिल्याच दिवशी विचारा की परवाना कुणाच्या नावावर घ्यायचा. हा घोळ शेवटी निस्तरायला गेलात तर महिने जातात.

कंपनीत असाल तर एफसीसीच्या अभियांत्रिकी व तंत्रज्ञान कार्यालयाकडे, भाग ५ खाली, प्रायोगिक परवान्याचा अर्ज करायचा. जीपीएस रिपीटरसाठी नेहमीचा व्यापारी परवाना असा प्रकारच तिथे नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण अर्जाची सगळी भाषा तिच्यावर ठरते: तुम्ही प्रयोग करता आहात, चाचणी करता आहात. "कर्मचाऱ्यांच्या फोनला आत जीपीएस मिळावं" हे कारण चालत नाही.

पायरी तिसरी: अटी आधी वाचा, मग यंत्र निवडा

एनटीआयएच्या नियमपुस्तिकेतला ८.३.२८ हा विभाग फक्त जीपीएसचा सिग्नल पुन्हा सोडणाऱ्या स्थिर उपकरणांसाठी आहे. सरकारी वापरासाठी लिहिलेला असला तरी खाजगी अर्जदारानेही तोच समोर ठेवून अर्ज बांधावा, कारण या पट्ट्यातल्या एफसीसीच्या अर्जांचा सरकारी बाजूशी समन्वय होतो आणि तिथली माणसं याच फूटपट्टीने मोजतात.

वापर फक्त इमारतीच्या आत, आणि परवानगी एका जागेवरच्या एका उपकरणाची. दुसऱ्या हँगरमध्ये हलवलं तर नवी परवानगी. उपयोग फक्त उपग्रह दिशादर्शनाची उपकरणं तपासण्यापुरता. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, पुढे नूतनीकरण. जिथवर अडथळा पोहोचू शकतो तो सगळा परिसर तुमच्या ताब्यात असला पाहिजे, आणि त्या परिसरातल्या जीपीएस वापरणाऱ्यांना आधी कळवलं पाहिजे. रिपीटर चालू असेपर्यंत तो बंद करू शकणारा एक माणूस सतत संपर्कात हवा. त्याला तिथे 'स्टॉप बझर' म्हणतात.

आणि मग ती एक अट, जिच्यावर सगळा अर्ज उभा राहतो किंवा पडतो: इमारतीपासून १०० फुटांवर, म्हणजे साधारण ३० मीटरवर, समदिश (सगळ्या दिशांनी सारखंच ऐकणाऱ्या) अँटेनाला मिळणारा सिग्नल २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उणे १४० डीबीएमपेक्षा जास्त नको. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती. हे गणित अर्जासोबत जोडायचं. ते मोकळ्या अवकाशातल्या प्रसारणाचं असावं. भिंतीमुळे सिग्नल कमी होतो ही सूट घ्यायची नाही.

भिंतीची सूट न देणं अनेकांना जाचक वाटतं. मला ती या नियमातली सर्वांत शहाणी ओळ वाटते. हँगरचं दार उघडतं. पत्र्याला खिडकी पाडली जाते. आमच्या गाडीची गोष्ट वर सांगितलीच.

पायरी चौथी: गणित

हे स्वतः करा. यंत्र विकणाऱ्याने दिलेला तक्ता तसाच जोडू नका; उलट प्रश्न आला तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

समजा, आतली अँटेना जवळच्या भिंतीपासून १० मीटर आत आहे. म्हणजे इमारतीबाहेरच्या ३० मीटरच्या रेषेपर्यंत एकूण अंतर ४० मीटर. १५७५.४२ मेगाहर्ट्झला ४० मीटरमध्ये मोकळ्या हवेत सिग्नल ६८.४ डेसिबलने घटतो. रेषेवर उणे १४० हवं, म्हणून अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती जास्तीत जास्त उणे ७१.६ डीबीएम. हे साधारण ७० पिकोवॅट झाले. अँटेना अगदी भिंतीला टेकवली असती तर अंतर ३० मीटर, घट ६५.९, आणि मर्यादा उणे ७४.१. आत सरकवण्याने अडीच डेसिबल मिळाले, तेही फुकट. म्हणून अँटेना इमारतीच्या मध्याकडे आणि दारांपासून दूर.

आता तुमची साखळी. जीपीएसच्या एल१ वरच्या नागरी सिग्नलची जमिनीवर हमी दिलेली किमान पातळी उणे १२८.५ डीबीएम. छतावरच्या अँटेनातला ॲम्प्लिफायर ३५ डेसिबल वाढवतो, केबल आणि कनेक्टर ८ खातात, आतला ॲम्प्लिफायर १० देतो, आतली अँटेना ३. निव्वळ वाढ ४० डेसिबल. म्हणजे एका उपग्रहाचा सिग्नल उणे ८८.५ ला बाहेर पडतो. मर्यादा उणे ७१.६; सतरा डेसिबलची ऐस जागा. इथे बहुतेक जण पेन ठेवतात.

ठेवू नका. ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर नॉइजही, म्हणजे नको असलेली खरखरही, वाढवतो. सामान्य तापमानाला २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला उष्णताजन्य नॉइज साधारण उणे १०० डीबीएम, म्हणजे जीपीएसच्या सिग्नलपेक्षा २८ डेसिबलने मोठा. तोच ४० डेसिबलने वाढला तर उणे ६०. मर्यादेपेक्षा जवळपास १२ डेसिबल वर! नियमात २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं उत्सर्जन म्हटलं आहे, आणि तुमच्या अँटेनातून त्या पट्ट्यात जे निघतं त्यात बहुतांश नॉइजच असतो. मी नेहमी दोन्ही ओळी मांडतो, एक सिग्नलची आणि एक नॉइजची, आणि गेन, म्हणजे साखळीची निव्वळ वाढ, नॉइजच्या ओळीवरून ठरवतो. म्हणजे या उदाहरणात १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घालून निव्वळ वाढ २८ वर आणतो. समन्वय करणाऱ्या माणसाला तुम्ही नॉइजचा विचार केलाय हे दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं, हा माझा अनुभव.

मग आत पुरेसा सिग्नल मिळतो का? २८ डेसिबल वाढीवर सिग्नल उणे १००.५ ला निघतो. पाच मीटरवर तो उणे १५१ होतो, थंड सुरुवात करणाऱ्या, म्हणजे आधीची काहीच माहिती नसताना उपग्रह शोधणाऱ्या, रिसीव्हरला जड. दोन मीटरवर उणे १४३, तिथे बहुतेक आधुनिक रिसीव्हर सुरू होतात. यावरून काम कसं मांडायचं ते कळतं: गेन वाढवू नका, उपकरण अँटेनाखाली आणा. विमानाच्या पाठीवरच्या अँटेनाच्या बरोबर वर दोन मीटरवर तुमची अँटेना टांगा. अख्खं हँगर भरून सिग्नल हवा, ही मागणीच मुळात चुकीची.

आणखी एक तपासणी. आतल्या अँटेनाचा सिग्नल छतावरच्या अँटेनाकडे परत गेला तर साखळी स्वतःचंच ऐकू लागते आणि ॲम्प्लिफायर शिट्टी मारायला लागतो, सभागृहातला माइक स्पीकरसमोर आल्यावर मारतो तशी. त्या क्षणी तुमचं यंत्र खराखुरा जॅमर होतं आणि वरचं सगळं गणित फोल ठरतं. दोन अँटेनांमधलं विलगीकरण एकूण गेनपेक्षा किमान १० डेसिबलने जास्त ठेवा. पत्र्याचं छप्पर इथे मदत करतं, लाकडाचं करत नाही. बसवल्यावर स्पेक्ट्रम ॲनालायझर लावून १५७५ च्या आसपास एखादा सुळका उभा राहिलाय का ते बघा. सुळका असेल तर तसाच वीजपुरवठा काढा, कारण नंतर शोधा.

पायरी पाचवी: अर्ज

आधी एफसीसीचा नोंदणी क्रमांक काढावा लागतो. कंपनीचा असतोच, तो कायदा विभागाकडे मिळेल. मग प्रायोगिक परवान्यांच्या ऑनलाइन प्रणालीत फॉर्म ४४२ भरायचा. परवाना साधारणपणे दोन वर्षांचा. कारण दिलं तर पाच वर्षांपर्यंतचा मागता येतो, पण वरची दोन वर्षांची अट पाहता रिपीटरसाठी दोनच मागा. काम सहा महिन्यांच्या आत आटोपणारं असेल तर विशेष तात्पुरती परवानगी मागता येते. एकाच विमानाची एकदाच तपासणी असेल तर तोच मार्ग धरा.

फॉर्ममध्ये नवखी माणसं अडखळतात ती शक्तीच्या रकान्यात. फॉर्म ईआरपी विचारतो. आपण वर काढली ती ईआयआरपी. पहिली साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत मोजलेली प्रक्षेपित शक्ती, दुसरी समदिश अँटेनाच्या तुलनेत. दोन्हींत २.१५ डेसिबलचा फरक असतो, ईआरपी कमी. उणे ७१.६ ईआयआरपी म्हणजे उणे ७३.७५ ईआरपी. नीट रूपांतर करून लिहा आणि टिपणातही तसं नमूद करा.

अक्षांश-रेखांश आतल्या अँटेनाचे द्या, कंपनीच्या टपालाच्या पत्त्याचे नकोत. हसू येईल, पण रिपीटर चालू असताना फोनवर पाहून लिहिलेले आकडे छतावरच्या अँटेनाचे असतात.

सोबतचं निवेदन म्हणजे अर्जाचा जीव. दोन-तीन पानं पुरतात. काय तपासता, ते केबलने किंवा पेटीत का तपासता येत नाही, यंत्र कोणतं, साखळीतला प्रत्येक घटक किती वाढवतो आणि किती खातो, इमारतीचा आराखडा, त्यावर अँटेनाची जागा आणि ३० मीटरची रेषा, त्या रेषेच्या आत कोणाची जमीन. ती रेषा सार्वजनिक रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या वाहनतळावर जात असेल तर लपवू नका. अँटेना सरकवा किंवा गेन कमी करून अंतर आत आणा. जवळ विमानतळ किंवा हेलिपॅड असेल तर तो आराखड्यावर स्वतःच दाखवा. अर्ज वाचणारा नकाशा उघडून पाहणारच.

स्टॉप बझर म्हणून खऱ्या माणसाचं नाव आणि त्याचा स्वतःचा चालू मोबाइल नंबर द्या. स्वागतकक्षाचा नंबर चालत नाही. तो माणूस रजेवर जाणार असेल तर त्या काळात रिपीटर बंद, किंवा आधी नाव बदलून घ्या.

मग वाट पाहा. समन्वयात आठवडे जातात, कधी महिने. एखादा प्रश्न आला तर त्याच दिवशी उत्तर द्या. फाइल एकदा बाजूला गेली की पुन्हा वर यायला वेळ लागतो. या काळात यंत्र विकत आणून ठेवायला हरकत नाही, पण "नुसतं चालू करून बघू" हे परवान्याच्या आधी नाही. कायद्यात 'पाच मिनिटांसाठी' अशी सवलत नाही.

उल्लंघनाची किंमत कळावी म्हणून एक उदाहरण देतो, जॅमरचं आहे पण पट्टा तोच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत नेवार्क विमानतळावर विमानांना उतरायला मदत करणाऱ्या जमिनीवरच्या जीपीएस यंत्रणेत अडथळा आला. माग काढल्यावर तो एका पिकअप ट्रकमध्ये सापडला: मालकाने आपल्याला शोधू नये म्हणून चालकाने सिगारेट लायटरच्या खाचेत जॅमर लावला होता. पुढच्या वर्षी एफसीसीने त्याच्यावर ३१,८७५ डॉलर दंडाचा प्रस्ताव काढला.

पायरी सहावी: परवाना मिळाल्यानंतर

परवान्याची प्रत यंत्रावर चिकटवा. वीजपुरवठ्याला किल्लीचं बटण लावा आणि दिसेल असा लाल दिवा. चालू-बंदची वही ठेवा: तारीख, वेळ, कोणी, कशासाठी. दाराच्या शटरला संपर्क-स्विच लावून शटर उघडताच रिपीटर बंद होईल अशी जोडणी मी आता प्रत्येक ठिकाणी करतो. परवान्यात ती मागितलेली नसली तरी.

पहिल्या दिवशी इमारतीला प्रदक्षिणा घाला. एक साधा रिसीव्हर हातात, रिपीटर बंद असताना एक फेरी आणि चालू असताना दुसरी. उपग्रहांच्या सिग्नलची ताकद किंवा जागा यांत फरक दिसला तर गणितात काहीतरी राहिलंय. ही फेरी दर महिन्याला घाला. वरच्या मजल्यावर दुसरी कंपनी असेल तर तिथेही जाऊन या, कारण सिग्नल आडवाच जातो असं नाही.

युरोप, ब्रिटन आणि पुणे

युरोपात वाट थोडी वेगळी आहे. तिथल्या दूरसंचार प्रशासनांच्या समन्वय मंडळाने अशा रिपीटरसाठी एकूण गेन ४५ डेसिबलच्या आत ठेवायची शिफारस केली आहे, यंत्रासाठी ईएन ३०२ ६४५ हे प्रमाणक आहे, आणि परवानगी प्रत्येक देश आपापली देतो. ब्रिटनमध्ये ऑफकॉम हा तिथला दूरसंचार नियामक त्यासाठी वेगळा परवाना देतो. अमेरिकेतलं गणित तिथे आणि तिथलं इथे चालवू नका.

पुण्यात वाहन-ट्रॅकिंगवर काम करणारे बरेच जण आहेत. सार्वजनिक वाहनांतल्या ट्रॅकरसाठी एआयएस-१४० हे मानक आल्यापासून तर हे काम खूप वाढलं, आणि नाविक ही भारताची उपग्रह दिशादर्शन प्रणाली तपासायची म्हणजे एल५ बरोबर एस पट्ट्यातली २४९२.०२८ मेगाहर्ट्झही आली. भारतात दार दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं, म्हणजे रेडिओ लहरींचे परवाने देणाऱ्या शाखेचं. अर्ज सरल संचार पोर्टलवर. प्रायोगिक परवान्यात हवेत सिग्नल सोडणारा आणि न सोडणारा असे दोन प्रकार आहेत. रिपीटर पहिल्यात मोडतो, आणि तुमचं काम दुसऱ्यात बसत असेल तर तोच घ्या. जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने जाहीर सूचना काढून मोबाइल बूस्टर आणि रिपीटर बाळगणं, विकणं, वापरणं परवानाधारक कंपन्यांखेरीज कुणालाही बेकायदा असल्याचं सांगितलं. सूचनेतला हा भाग मोबाइलच्या सिग्नलबद्दल होता, पण ऑनलाइन मागवलेलं परदेशी यंत्र थेट छतावर चढवण्याआधी ती वाचून घ्या.

फोन आला तर

कधीतरी स्टॉप बझरचा फोन वाजेल. पलीकडून कुणी विचारेल, तुमचं काही चालू आहे का? तेव्हा आधी बंद करायचं आणि मग बोलायचं. "आमचा नसेल हो" हे वाक्य बटण बंद केल्यावर म्हणा. बंद केल्याची वेळ वहीत लिहा आणि समोरच्याला सांगा, म्हणजे त्यांचा अडथळा त्याच मिनिटाला थांबला का ते त्यांना पडताळता येईल. थांबला नसेल तर तुम्ही सुटलात आणि त्यांचा शोधही एका जागेने कमी झाला. थांबला असेल तर कारण सापडेपर्यंत पुन्हा चालू करायचा नाही.

नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीची टाका. चाचण्यांचं काम संपलं असेल तर नूतनीकरण करू नका. परवाना परत करा, आतली अँटेना उतरवा आणि छतावरून आलेली केबल टेबलावर आणून तिला स्प्लिटर लावा.